कांबळे बाईंचं विचारणं

पेशंटशी उभ्यानं बोलताना मी कांबळे बाईंना कधी पाहिलं नाही. वॉर्डात शिरल्या की त्यांची नजर आधी स्टूल शोधायची. पांढरा रंग उडालेलं एखादं लोखंडी स्टूल कुठल्यातरी खाटेखाली असायचंच. ते त्या स्वतः पायानं ओढायच्या. फरशीवर त्याचा असा कर्कश आवाज व्हायचा की झोपलेला अर्धा वॉर्ड जागा व्हायचा. मग बाई त्यावर बसायच्या, पदर सावरायच्या आणि पेशंटकडे बघायच्या. स्टूल नसेल तर खाटेच्या कडेवर. पेशंट लहान मूल असेल तर सरळ खाली, मांडी घालून. एकदा वॉर्डबॉयनं मोठ्या आदरानं त्यांच्यासाठी ऑफिसातली हातांची खुर्ची आणून ठेवली. बाई म्हणाल्या, "ही उंच आहे रे. हिच्यावर बसलं की समोरचा 'बरं वाटतंय' एवढंच सांगतो."

कोल्हापुरात, मंगळवार पेठेतल्या एका जुन्या ट्रस्टच्या दवाखान्यात त्या मुख्य डॉक्टर होत्या. दवाखाना लहान, तज्ज्ञ ठरलेल्या वारी येणारे, त्यामुळे तान्ह्या बाळापासून काठी टेकत येणाऱ्या आजोबांपर्यंत सगळे आधी बाईंच्याच दारात. मी शिक्षण संपवून तिथे निवासी डॉक्टर म्हणून लागले त्याला आता वीसेक वर्षं झाली. बाई तेव्हा पन्नाशीच्या आसपास असतील. ठेंगण्या, सावळ्या, केसांना चापून तेल. सुती साडीवर घातलेल्या पांढऱ्या कोटाची बटणं कधी लागायची नाहीत. आवाज मात्र खणखणीत. आणि पर्समध्ये स्टेथोस्कोपच्या शेजारी भडंगाची पुडी.

नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. आम्हा डॉक्टरांना त्या गावावरून हाक मारायच्या. मी नाशिकची म्हणून 'नाशिक', दुसरा होता तो 'परभणी'. पेशंट मात्र त्यांना दुखण्यावरून आठवायचे. रस्त्यात कुणी नमस्कार केला की बाई क्षणभर बघत राहायच्या आणि मग चेहरा उजळायचा. "तुमचा तो डावा खांदा. आता केस विंचरता येतात का?"

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी त्यांच्या तावडीत सापडले. एका पेशंटची हकीकत मी लिहून घेतली होती. त्या म्हणाल्या होत्या, "महिना झाला, रोज सांजच्याला अंगात कसर येतीया." मी लिहिलं, 'महिनाभर थकवा.' बाईंनी कागद वाचला आणि माझ्याकडे पाहिलं.

"कसर म्हणजे काय गं, नाशिक?"

"कसर म्हणजे... उणीव? ताकद कमी वाटत असेल."

"कसर म्हणजे बारीक ताप. महिनाभर रोज संध्याकाळी बारीक ताप येतोय, आणि तू त्यांना टॉनिक देऊन घरी पाठवणार होतीस." त्या ओरडल्या नाहीत. कागद परत माझ्या हातात दिला. "शब्द कळला नाही तर विचारायचं. 'मावशी, कसर म्हंजे कशी?' त्या हसतील. हसू देत. हसलेलं माणूस जास्त सांगतं."

त्या पेशंट मावशींना क्षय निघाला. औषधांनी त्या बऱ्याही झाल्या. पण मी तेव्हापासून कोल्हापूरची भाषा शिकायला लागले. उमासं म्हणजे मळमळ. घेर म्हणजे चक्कर. इथल्या बायका 'मी आलो, मी गेलो' म्हणतात आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. बाई आमच्याशी पुस्तकातलं मराठी बोलायच्या आणि पेशंटकडे वळल्या की त्याच दमात 'काय वो पावणं, कवापास्नं हाय हे?' व्हायच्या.

त्यांचे नियम असे भिंतीवर लावलेले नव्हते. चुकलं की एकेक कळायचा. पेशंटचं पहिलं वाक्य कुणी तोडायचं नाही. तो जिथून सुरू करील तिथून ऐकायचं, मग ते मेहुण्याच्या लग्नापासून का असेना. लहान मुलाला आधी लांबून बघायचं. ते आईच्या कडेवर असतानाच निम्मं कळतं. हात लावायचा तो गरम करून, आणि घसा सगळ्यात शेवटी. म्हाताऱ्या माणसाच्या कागदावर 'वयोमानानुसार' हा शब्द लिहिला की बाई पेनानं तो खोडायच्या. "वय हा आजार नाही. वय तुलाही आहे."

'पेशंट खोटं सांगतो' असं परभणी एकदा वैतागून म्हणाला तेव्हा बाई म्हणाल्या, "खोटं नाही सांगत. खोलीत कोण कोण आहे ते बघून सांगतो."

याचा अर्थ मला एका लहान मुलीमुळे कळला. तीन वर्षांची असेल. आईच्या मांडीवर, शेजारी आजी. पोरीला दोन-तीन आठवडे खोकला, छातीत घरघर. दोन डॉक्टरांची औषधं झाली होती, वाफ देऊन झाली होती. बाई जमिनीवर बसल्या, पोरीच्या बाहुलीच्या छातीला स्टेथोस्कोप लावला, मग पोरीच्या. डावीकडे बराच वेळ ऐकलं, उजवीकडे त्याहून जास्त वेळ.

"कधी खाताना जोरात ठसका लागला होता का हिला?"

"न्हाई वो," आई म्हणाली. "मी समोर बसूनच भरवतोय हिला."

मी आईकडे बघत होते. बाई आजीकडे बघत होत्या. आजी खिडकीबाहेर.

"असं करा," बाई आईला म्हणाल्या, "खाली फोटोच्या खोलीत जाऊन नंबर लावून या. पोरगी राहू दे इथंच."

आई गेली. बाईंनी भडंगाची पुडी काढली, आजीपुढे धरली. आजीनं नको म्हटलं. बाईंनी स्वतः चार दाणे तोंडात टाकले. मग अगदी सहज म्हणाल्या, "आजी, पोरं लय वांड असत्यात. आपुन एका बाजूला बघंस्तोवर दुसऱ्या बाजूला कायतरी तोंडात घालत्यात. सगळ्यांच्याच घरात व्हतंय."

आजीच्या डोळ्यांत पाणी आलं. "शेंगा फोडत बसलो होतो वो मी. ही माझ्याम्होरं. एकदम काळीनिळी झाली. पाठीत मारलं, मग श्वास घेतला तिनं. मला वाटलं, गेलं पोटात. सुनंला सांगितलं न्हाय. ती आधीच म्हनत्या, तुमच्याजवळ पोरीला ठेवायला भ्या वाटतंय."

शेंगदाणा उजव्या फुप्फुसाच्या नळीत अडकला होता. बाईंनी तिथल्या तिथे मोठ्या दवाखान्यात फोन केला, पोरीला पाठवलं, आणि तिथं दुर्बिणीतून तो काढला. कागदावर त्यांनी फक्त 'ठसका लागल्याची हकीकत' एवढंच लिहिलं. पाठवण्याआधी, आई नंबर लावून वर आली तेव्हा तिला म्हणाल्या, "तपासताना कळलं मला. आता आधी पोरीला बरं करू. शेंगा कुणी दिल्या नि कुणी न्हाय, त्यानं खोकला जात न्हाय."

पुढे ती सून एकटीच पोरीला दाखवायला आली तेव्हा म्हणाली, "आमच्या सासूबाई रोज तुमची आठवन काढत्यात." तिला कळलं होतं की नव्हतं, मला माहीत नाही. बाईंनी विचारलं नाही.

दहावीतली एक मुलगी होती. तिला वरचेवर थंडी वाजून ताप यायचा, ओटीपोटात दुखायचं. बरोबर आई, वडील आणि चुलता. प्रश्न मुलीला विचारला की उत्तर वडील द्यायचे, आणि त्यांचं चुकलं तर चुलता. मुलगी बोटाला ओढणी गुंडाळत बसलेली. बाई थोडा वेळ हे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही तिघं जरा चहा घेऊन या."

वडील म्हणाले, "आमच्यासमोर बोलू दे की. आमच्यापास्नं काय लपवायचं हाय तिला?"

"तिला नाही. मला लपवायचंय."

हे इतकं सरळ चेहऱ्यानं सांगितलं की ते उठलेच. दार लागल्यावर बाईंनी पोटाविषयी काहीच विचारलं नाही. बस किती वाजता असते, वर्गात मुली किती, गणिताच्या सरांचा मार बसतो का, असं काहीबाही. मुलगी हळूहळू मान वर करायला लागली. मग बाई म्हणाल्या, "पाण्याची बाटली नेतेस?"

"नेतो. पन पीत न्हाय."

"का गं?"

मुलीनं माझ्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. "शाळेतल्या बाथरूमला कडी न्हाय. पोरं दार ढकलत्यात नि पळत्यात. म्हनून मी सकाळपास्नं घरी येईस्तोवर जातच न्हाय."

बाईंनी लघवी तपासली, औषध लिहिलं, घरच्यांना सांगितलं की पाणी कमी पडतंय, मूत्रमार्गाला जंतुसंसर्ग झालाय. आणि शनिवारी रिक्षा करून त्या मुलीच्या शाळेत गेल्या. मुख्याध्यापकांशी काय बोलल्या ते आम्हाला कळलं नाही. पण मुलीनं पुढच्या खेपेला सांगितलं की कडी बसली, आणि बाहेर एक शिपाईणही उभी असते. तिला तसा ताप नंतर आला नाही.

कुरुंदवाडच्या आजोबांची गोष्ट मात्र आमच्या दवाखान्यात सगळे सांगायचे. त्यांना मुलगा घेऊन आला तो जवळजवळ निरोप द्यायच्या तयारीनंच. ऐंशीच्या पुढचं वय, ठार बहिरे. गेले काही दिवस भलतंसलतं बोलतात, दिवसभर झोपतात, एक पाय ओढत चालतात.

"वय झालं, दुसरं काय न्हाय," मुलगा म्हणाला. "भ्रम झालाय. डाक्टर, एखादी बाटली लावा, जरा बरं दिसलं की घरी न्हेतो. गावाकडंच जाऊ दे त्यास्नी."

मी आजोबांच्या कानाशी ओरडून पाहिलं. ते डोळे किलकिले करून हसले फक्त. बाई आल्या. त्यांनी स्टूल ओढलं, बसल्या, आणि गळ्यातला स्टेथोस्कोप काढून आजोबांच्या कानांत घातला. आणि दुसरं टोक आपल्या तोंडाजवळ धरून हलकेच म्हणाल्या, "आजोबा, ऐकू येतंय न्हवं?"

आजोबा दचकले. त्यांनी दोन्ही हातांनी ती नळी धरली. वॉर्डात इकडे तिकडे पाहिलं, जणू आवाज छतातून आला. मग त्यांना बाईंचे ओठ दिसले.

"व्हय की गं अक्का," ते म्हणाले. "कुनाची तू?"

"मीबी कुरुंदवाडचीच."

"कुनाच्यातली?"

"कांबळ्यांच्यातली. विहाराच्या मागं घर हाय आमचं."

आजोबा जरा थांबले. वॉर्डातल्या आम्हा सगळ्यांनीच ते थांबणं पाहिलं. बाई तशाच, नळी तोंडाशी धरून. मग आजोबा म्हणाले, "मग म्हसरं धुवायला आमी येतोय त्याच घाटावर येत असशील."

"येत होतो की, लहानपनी."

"मग गावातलीच हाईस. तुला सांगाय हरकत न्हाय." आणि त्यांनी हळू आवाजात, तुटक तुटक, मध्येच डोळे मिटत सांगितलं. गोठ्यात शेणावरनं पाय घसरला होता. डोकं खुंट्यावर आपटलं. थोडा वेळ काही कळेना. मग उठून धार काढली. कुणाला सांगितलं नाही. "ह्यो म्हनत्योय, म्हस इकतो. मी पडलो म्हनून कळलं तर दुसऱ्याच दिवशी दावनीतनं सोडंल. त्येच्या आईच्या हातची म्हस हाय ती. ती गेल्यावर माझ्यासंगं कोन हाय बोलायला?"

मुलगा खाटेच्या पायथ्याशी उभा होता. सगळं ऐकत होता. तो खाली बघायला लागला.

डोक्याचा स्कॅन केला. कवटीच्या आत रक्त साकळून मेंदूवर दाब आला होता. मेंदूच्या सर्जननी त्याच दिवशी ते काढून टाकलं. आठवड्याभरात आजोबा दवाखान्याच्या व्हरांड्यात काठी घेऊन फिरायला लागले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला मोठ्यानं विचारायला लागले, "पावणं, कुठलं म्हनायचं तुमी?" उत्तर ऐकू येत नसे, तरी विचारत. घरी जाताना मुलगा बाईंच्या पायाला हात लावायला वाकला. बाई मागं सरकल्या. "म्हस ठेवा," एवढंच म्हणाल्या. "आनि कानाचं यंत्र घ्या."

एवढं सगळं असलं तरी बाई काही संत नव्हत्या. पेशंटचं तासभर ऐकणारी ही बाई सहकाऱ्याचं दुसरं वाक्य पुरं होऊ देत नसे. "कळलं, पुढं," हा त्यांचा शब्द. रजा मागायला गेलं तर कारण सांगायच्या आतच सही, किंवा आतच नकार. नर्सेस म्हणायच्या, बाईंशी बोलायचं तर केसपेपर काढून लाइनीत बसायला हवं. त्या एकट्या राहायच्या, दवाखान्यापासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर. घरी कोण आहे, कोण होतं, हे आमच्यापैकी कुणाला माहीत नव्हतं. विचारायची सोयही नव्हती.

आमच्याकडे हौसामावशी होत्या, आयाबाई. गडमुडशिंगीहून रोज बसनं यायच्या. बाईंच्या आधी दवाखान्यात पोचणार, बाईंच्या टेबलावर चहा ठेवणार, बाई बशीत ओतून पिणार, कप मावशी उचलणार. असं वर्षानुवर्षं. दोघी जवळपास एका वयाच्या. चहा देता-घेताना त्यांच्यात एखादा शब्द झाला असेल तर तो "साखर जास्त झाली गं" एवढाच.

एके दिवशी बाई आम्हाला आणि नर्सिंगच्या मुलींना वॉर्डात शिकवत होत्या. विषय होता स्तनातली गाठ. बायका ती महिनोन् महिने अंगावर काढतात, कुणाला सांगत नाहीत, असं सांगून बाईंनी विचारलं, "का सांगत नसतील?"

कुणी म्हणालं, लाज. कुणी म्हणालं, भीती. कुणी म्हणालं, अज्ञान. हा शेवटचा शब्द बाईंना आवडत नसे. त्या काही बोलणार इतक्यात पाठीमागून आवाज आला. हौसामावशी फरशी पुसत होत्या. हातातलं फडकं न थांबवता त्या म्हणाल्या, "दुकत न्हाय म्हनून."

नर्सिंगच्या मुली हसल्या. बाई हसल्या नाहीत. त्या वळून मावशींकडे बघत राहिल्या.

"काय म्हणालीस, हौसा?"

"गाठ दुकत न्हाय न्हवं. जे दुकत न्हाय ते कशाला सांगायचं कुनाला? कामं असत्यात."

बाईंनी आम्हाला बाहेर जायला सांगितलं, फक्त सिस्टरना थांबवलं, आणि पडदा ओढला. आम्ही जिन्यापाशी उभे होतो. थोड्या वेळानं आतून मावशींचा आवाज आला, नेहमीसारखाच, भांडी घासताना बोलतात तसा.

"वर्स झालं असंल. तुमाला कसं सांगू? तुमी पेशंटास्नी इचारता. मी काय पेशंट हाय व्हय?"

बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही. जिन्याच्या पायरीवर बसल्या. कोट तसाच. पायरीवर बसलेल्या त्या मला एकदम म्हाताऱ्या दिसल्या. ओपीडीची वेळ झाली होती, खाली माणसं थांबली होती. परभणी म्हणाला, "मॅडम, मी सुरू करू का?" त्यांनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना बोलावून त्या उभ्यानं बोलल्या. "काल एक केस लक्षात आली. वर्षभर उशिरा. ती पेशंट रोज माझ्या टेबलापर्यंत येत होती, रोज माझ्या हातात चहा देत होती. मी तिला एकदाही विचारलं नाही. हे तुम्हाला सांगितलं पाहिजे म्हणून सांगते." त्यावर काही उपदेश केला नाही. राउंड सुरू केला.

हौसामावशींचं ऑपरेशन झालं, पुढचे उपचार झाले. केस गेले, परत आले. बाई प्रत्येक खेपेला त्यांच्याबरोबर गेल्या. डॉक्टर म्हणून नव्हे, बाकावर शेजारी बसायला. उपचार संपल्यावर मावशी परत कामावर आल्या, हलकं काम दिलं. चहा मात्र त्याच करायच्या. आता दोन कप यायचे. बाई मावशींना समोर बसवायच्या आणि म्हणायच्या, "हं, सांग." मावशी सुरुवातीला लाजायच्या. "काय सांगू वो? हाय आपलं बरं." बाई गप्प बसून राहायच्या. हळूहळू मावशी सांगायला लागल्या. थोरल्या लेकीचं, बसमधल्या कंडक्टरचं, गावातल्या भांडणाचं. आम्ही दाराशी कागद घेऊन ताटकळत उभे. बाई "पुढं" म्हणायच्या नाहीत.

ही सवय मग वॉर्डबॉय, वॉचमन, लिफ्टवाला सगळ्यांपर्यंत पोचली. वॉचमन तक्रार करायचा, "आता बाई आमालाबी तपासत्यात. जेवलास का म्हनून इचारलं तर सरळ सांगता येत न्हाय, काय जेवलास हेबी सांगाय लागतंय." हौसामावशी चारपाच वर्षं राहिल्या. शेवटच्या दुखण्यात बाई गडमुडशिंगीला जाऊन त्यांच्या घरीच राहिल्या होत्या. कधीही रजा न घेणारी बाई.

मी पुढे स्वतःचा दवाखाना काढला, कोल्हापुरातच राहिले. बाई निवृत्त झाल्या आणि कुरुंदवाडला परत गेल्या, विहाराच्या मागच्या त्यांच्या घरी. जुनं घर पाडून भावकीनं तिथे दोन खोल्या बांधल्या होत्या. फोनवर बोलणं व्हायचं. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी मी त्या बाजूला गेले होते, तेव्हा वाट वाकडी करून त्यांच्याकडे गेले. त्यानंतर फेब्रुवारीत त्या गेल्या. म्हणजे ती आमची शेवटची भेट.

दुपार उतरली होती. बाई अंगणात चटईवर बसल्या होत्या. पायांवर सूज दिसत होती. मी विचारलं तर म्हणाल्या, "आहे. औषध चालू आहे. तू जेवून आलीस का?" शेजारची सून आपलं वर्षा-दीड वर्षाचं बाळ त्यांच्या मांडीवर ठेवून पाण्याला गेली. बाळ बाईंच्या चष्म्याच्या दोरीशी खेळत होतं. बोलता बोलता त्यानं मांडी ओली केली. मी पटकन उठून त्याला घ्यायला गेले.

"राहू दे," बाई म्हणाल्या. "ओलं झालं ते चांगलंच झालं."

मला वाटलं, सहज म्हणताहेत. पण त्या बाळाकडे बघत राहिल्या, आणि मग बोलायला लागल्या. माझ्याकडे न बघता.

"मला धाकटा भाऊ होता. मिलिंद. असाच, एवढाच. मी आठ वर्षांची असेन. आई शेतावर जायची, तो दिवसभर माझ्या कडेवर. माझा परकर कायम ओला. शाळेत पोरी नाक दाबायच्या. एकदा त्याला जुलाब लागले. दुसऱ्या दिवशी चुलत्यानं डॉक्टरांकडे नेलं. आई आणि मी बरोबर. डॉक्टर उंबऱ्याच्या आत, आम्ही बाहेर पायरीखाली. त्यांनी चुलत्याला विचारलं, किती वेळा झालं? चुलता म्हणाला, झालं तीन-चार वेळा. त्याला काय माहीत, तो घरी नव्हताच. डॉक्टरांनी पुड्या दिल्या. वाईट नव्हता तो माणूस. त्याच्या हाताला गुण आहे म्हणायचे सगळे."

बाळ त्यांचं बोट चावत होतं. बाईंनी ते सोडवून घेतलं नाही.

"आईला माहीत होतं. मलाही माहीत होतं. जुलाबांसाठी आम्ही त्याला खाली धरत होतो, पण शू करून त्यानं कालपासून माझा परकर ओला केला नव्हता. मी त्याला घेऊन उभी होते आणि परकर कोरडा होता. कोरडा, कडक. मला वाटलं, आजारी आहे तर निदान अंगावर शू तरी करत नाही, शहाण्यासारखं वागतोय. आई एकदा बोलायला गेली, तर चुलता म्हणाला, गप. तिला कुणी विचारलं नाही. मला तर कोण विचारणार? दुसऱ्या दिवशी सकाळी गेला तो."

बाळाचं तोंड पदरानं पुसत त्या म्हणाल्या, "अंगातलं पाणी संपलं होतं गं. एवढंच. मीठ-साखरेचं पाणी पाजलं असतं तरी चाललं असतं."

इतकी वर्षं मी या बाईंच्या मागे वॉर्डात फिरले होते, आणि त्या हे सगळं बरोबर घेऊन फिरत होत्या.

शेजारची सून घागर ठेवून आली. "अय्या, भिजवलं व्हय आत्याला?" म्हणत तिनं बाळाला उचललं. बाई उठल्या. उठताना त्यांना धाप लागली, मी हात दिला. त्या आत जाऊन साडी बदलून आल्या. मग दोरीवर वाळत घातलेली दुसरी साडी, निळी, बारीक काठाची, काढायला लागल्या. साडी लांब, त्यांना एकटीला आवरेना. मी एका बाजूचा काठ धरला. आम्ही दोघी अंगणाच्या दोन टोकांना उभ्या राहिलो, साडी ताणून झटकली, मध्ये दुमडली. मग आपापली टोकं घेऊन एकमेकींकडे चालत आलो. बाई सावकाश येत होत्या, एकेक पाऊल, नजर घडीवर. ऊन त्यांच्या चष्म्यावर होतं. जवळ आल्यावर त्यांनी माझ्या हातातली टोकं घेतली, आपल्या टोकांना जुळवली, काठ सरळ आहे का ते पाहिलं, हातानं घडी दाबली, आणि ती छातीशी धरून आत गेल्या.